पाहुण्याला दिलेली भीती

चाळिशी उलटेपर्यंत गुणाजी तांडेल कशालाच भीत नव्हता. हे काही शौर्य नव्हे. तुला कशाची भीती वाटते, असं त्याला तोवर कोणी विचारलंच नव्हतं, इतकंच.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात तो जन्मला आणि मिसरूड फुटायच्या आत होडीवर गेला. आधी पाणी उपसणं, मग शीड, मग जाळं, असा त्याचा अभ्यासक्रम झाला. आई सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन चौलपर्यंत पायपीट करायची. बापानं सारा जन्म समुद्रावर काढला आणि शेवटी घरातल्या बाजेवर तापानं गेला. कोळीवाड्यात अशा मरणाला कोणी नावं ठेवत नाही, पण त्याची गोष्टही कोणी सांगत नाही. ज्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला, तो सरत आला असताना नारळीपौर्णिमेला काळूराम नाखव्यानं आपल्या मचव्याचं, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीचं, सुकाणू गुणाजीच्या हाती दिलं. नाखवा म्हणजे मचव्याचा मालक, तांडेल म्हणजे तो चालवणारा. दोन सत्तांतरं एकाच हंगामात झाली, आणि त्यातलं दुसरं पुष्कळच बिनबोभाट पार पडलं.

कोर्लईचा डोंगर एका अंगाला ठेवून खाडीच्या तोंडातून आत येताना पाण्याखाली वाळू आहे. ती दर पावसाळ्यात जागा बदलते. जिथं गेल्या वर्षी वाट होती तिथं यंदा होडी बसते. गुणाजीची होडी कधी बसली नाही. "कशी आनतोस रं?" असं कोणी विचारलंच तर तो म्हणे, "पानी बघायचा नि यायचा." त्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात मावत होतं आणि त्यापलीकडे ते त्यालाही माहीत नव्हतं. घरी आला की जेवायचा आणि पाठ टेकताच घोरायला लागायचा. त्याची बायको नीराबाई म्हणायची, "शेजारच्यांनी भिंतीला कान लावायला नको. भिंतच त्यांच्या कानाला लागते."

असं सगळं ठाकठीक चाललेलं असताना शिवदास मास्तर शाळेवर बदलून आले.

मास्तर बोर्ली पंचतनकडचे. घरची भातशेती. समुद्राचा आणि त्यांचा संबंध खाण्यापुरता, तोही सणवार सोडून. वय पंचविशीच्या आसपास. मास्तर कथा लिहीत आणि मुंबईच्या एका दिवाळी अंकाकडे पाठवत. त्या अंकाचे संपादक त्या तितक्याच नियमानं परत पाठवत. पण शेवटच्या खेपेला त्यांनी सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या: तुमचा नायक पानावर उभा राहत नाही. त्याला काय हवं आहे, त्याला कशाची भीती वाटते, हे तुम्हालाच ठाऊक नाही.

मास्तरांना हे पटलं. नायकाच्या शोधात ते कोळीवाड्यात उतरले. गुणाजी वाळूत बसून जाळं शिवत होता. त्याचा चेहरा त्यांना आवडला.

"तांडेल, मी एक गोष्ट लिहितोय. तिचा नायक तुमच्यासारखा असेल."

"नायक?" गुणाजी हसला. "नाटकातला? मास्तर, माजं दात बघितलंत काय?"

"दात चालतील. मला सांगा, तुम्हाला काय हवंय?"

"चा घेईन."

"तसं नव्हे. आयुष्यात."

गुणाजीनं विचार केला. "बोंबील पडायला हवा."

"तो सगळ्यांनाच हवा असतो. बरं, भीती कशाची वाटते?"

"कशाची न्हाय बा."

मास्तरांचा चेहरा उतरला. पेन्सिल खिशात गेली. "ज्याला कशाची भीती नाही, त्याची गोष्ट होत नाही हो," ते म्हणाले आणि उठायला लागले.

आता कोळ्याच्या दारातून माणूस रिकाम्या हातानं जात नाही. आलेल्याला मूठभर जवळा तरी बांधून द्यायचा, दोन बोंबील तरी पानात गुंडाळून द्यायचे, ही तिथली रीत. त्या दिवशी मासळी नव्हती. मास्तर शाकाहारी आहेत की काय, हेही ठाऊक नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते तर त्यांनी उघड मागितलं होतं. पाहुणा उठतोय आणि आपल्याकडे द्यायला काही नाही, या लाजेनं गुणाजी घाईघाईनं म्हणाला, "बसा हो. हाय एक."

मास्तर बसले.

गुणाजीनं इकडं तिकडं पाहिलं. समोर खाडीचं तोंड होतं, म्हणून तेच घेतलं. "ती वाळू हाय ना, तिथनं सांजचं येतो आमी. पानी तांबडं झालेलं असतं. तवा वाटतं..." तो थांबला, कारण पुढं काय वाटतं ते अजून त्याला सुचलं नव्हतं. "वाटतं, खालनं कोनतरी होडीला हात लावतंय."

पेन्सिल बाहेर आली. भुकेल्या माणसानं पानावर वाकावं तसे मास्तर लिहायला लागले. पाहुण्याला भरपेट जेवताना पाहून यजमानाला जे वाटतं तेच गुणाजीला वाटलं. त्यानं आणखी थोडं वाढलं. हात गार असतो. जोर करत नाही. नुसता चाचपडतो.

मास्तर पुढच्या रविवारी परत आले. या वेळी गुणाजीनं बोंबील बाजूला काढून ठेवले होते, पण ते त्यांना नको होते.

"हात कोणाचा?" मास्तरांनी विचारलं.

"कोनाचा म्हंजे?"

"भीतीला मूळ लागतं, तांडेल. झाड काय हवेत उगवतं? नायक आज जसा आहे तसा का झाला, ते मागं कुठंतरी घडलेलं असतं. पाण्यात तुमचं कोण गेलंय?"

गुणाजीचं पाण्यात कोणी गेलं नव्हतं. पण आता नाही म्हणणं म्हणजे मागचं वाढलेलं ताट ओढून घेणं. तो चाचरत म्हणाला, "बाबा माजा..."

"बुडाले?"

"न्हाय. तापानं गेला. घरात."

मास्तरांनी जरा वेळ पेन्सिल कानावर घासली. "ते मी बघतो," ते म्हणाले.

दहाबारा वर्षांपूर्वी रीतसर जाळलेल्या माणसाला त्यांनी त्या दुपारी पाण्यात बुडवलं. नुसतं बुडवलं नाही, तर सुकाणूवर मुलगा होता आणि त्याच्या चुकीनं होडी वाळूवर बसली, असंही ठरवलं. गुणाजीला ते वाचून दाखवलं. त्यानं लक्षपूर्वक ऐकलं. मग विचारलं, "नि आता फुडं त्याचं काय करनार?"

मास्तरांचे डोळे चमकले. असा प्रश्न त्यांना वर्गात कोणी विचारत नसे. "हेच तर कौशल्य आहे. आधी त्याला काहीतरी हवं असलं पाहिजे. मग भीती. मग जुनी जखम. एवढं झालं की तो उभा राहतो. उभा राहिला की त्याला नेमकं तिथं न्यायचं, जिथं जायची त्याची छाती होत नाही."

"आनि परत आनायचा?"

"ते त्या गोष्टीवर आहे," मास्तर म्हणाले.

मास्तर गेल्यावर गुणाजी जाळ्याला हात न लावता बराच वेळ खाडीकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात कधीतरी ते झालं. उतरतं ऊन, पाणी तांबडं, मचवा भरलेला. सदा शिडाशी उभा. सदा म्हणजे नीराबाईचा धाकटा भाऊ, हाताला चपळ आणि जिभेला त्याहून. खाडीचं तोंड आलं आणि गुणाजीला तळव्यांतून, सुकाणूच्या दांडीतून, काहीतरी गार वर सरकल्यासारखं वाटलं. जोर नव्हता. नुसतं चाचपडणं. त्यानं दांडी किंचित वळवली. इतकी वर्षं त्यानं पाणी बघितलं होतं, आज पाण्याखाली काय आहे ते बघायला गेला. मचव्याचा तळ वाळूला खरवडत गेला आणि सगळे पुढं हेलपाटले.

"काय रं दाजी," सदा ओरडला, "डोळा लागला काय? की तायनं रात्री झोपू न्हाय दिला?"

सगळे हसले. गुणाजी हसला नाही, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते शेजाऱ्यांच्या. भिंत गप्प झाली होती. नीराबाईला जाग आली की नवरा बाजेवर बसलेला दिसायचा, पाय वर घेऊन. एकदा तिनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं मास्तरांचं आणि हाताचं सगळं सांगितलं.

"कोनाचा हात?" ती म्हणाली.

"बाबाचा."

"तुमचं बाबा ह्याच बाजेवर गेलं. मी पानी घातलं त्यांच्या तोंडात. नवी नवरी होते मी. तुमी उशाशी बसलेला."

"ठाऊक हाय मना."

"मग?"

"पन हात त्याचाच हाय, गो," गुणाजी म्हणाला. असं म्हणताना त्याचा आवाज अगदी शहाण्या माणसाचा होता. तिला भीती वाटली ती त्या आवाजाचीच.

नीराबाई दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी शाळेच्या पायरीवर ठेवून सरळ वर्गात गेली. मुलं उभी राहिली. मास्तर बाहेर आले.

"मास्तर, आमच्या मानसानं तुमाला काय दिलं असंल ते परत द्या."

मास्तरांनी समजूत घातली. कथा मुंबईला गेली होती आणि, काय सांगावं, या वेळी संपादकांना पसंत पडली होती. शिवाय कथेतल्या माणसाचं नाव हरेश्वर आहे. त्याचा आणि तांडेलांचा तसा काही संबंध नाही. कल्पित पात्र ते.

"मग त्या हरेश्वराला जागा र्‍हायला सांगा," नीराबाई म्हणाली. "माजा नवरा कशापायी जागतोय?"

मास्तरांनी पेन्सिल काढली. वाक्य त्यांना आवडलं होतं.

दिवाळीत अंक आला. कोळीवाड्यात वाचता येणारे थोडे, म्हणून काळूराम नाखव्याच्या पडवीत एका दुपारी मास्तरांनी ती कथा सगळ्यांना वाचून दाखवायची असं ठरलं. आपल्या वाड्यातला माणूस छापून आला, याचा त्या दुपारपर्यंत सगळ्यांना अभिमानच होता. गुणाजीला पुढं बसवलं. कोणीतरी त्याच्या टोपीत झेंडूचं फूल खोचलं.

पहिल्या चार ओळींत सगळ्यांनी त्याला ओळखलं. दात, चालणं, "पानी बघायचा नि यायचा", सगळं होतं. लोक खूश झाले. मग हात आला. मग बुडालेला बाप आला. ज्या म्हाताऱ्यांनी गुणाजीच्या बापाला खांदा दिला होता ते एकमेकांकडे बघायला लागले. पण छापलेलं होतं, त्यामुळे त्यांनी आपल्याच आठवणीवर संशय घेतला. पुढं हरेश्वर घरातून निघताना बायकोला म्हणतो, "जातो गं." सगळी पडवी थरारली. समुद्रावर निघालेला माणूस "येतो" म्हणतो. "जातो" हा शब्द कोळ्याच्या उंबऱ्यावर कोणी उच्चारत नाही. मास्तरांच्या बोर्लीतही उच्चारत नाहीत, आणि मास्तरांनी तो मुद्दाम घातला होता. नीराबाई उठून निघून गेली. मास्तरांना वाटलं, परिणाम साधला.

शेवटी हरेश्वर सांजेच्या तांबड्या पाण्यात वाळूशी येतो. खालून हात येतो. इतकी वर्षं ज्याला भ्यालो तो बापाचा हात, हे ओळखून तो सुकाणू सोडतो, वाकतो आणि तो हात आपल्या हातात घेतो. कथा तिथं संपली.

मास्तरांनी अंक मिटला. मागून सदा म्हणाला, "नि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"होडीवर आमी तिघं हाव ना. दाजीनं सुकानू सोडलं. मग आमचं काय झालं?"

मास्तर गोंधळले. हा विचार त्यांनी केला नव्हता, संपादकांनीही केला नव्हता. "त्याचं असं आहे सदा, ती गोष्ट हरेश्वरची आहे. बाकीची पात्रं दुय्यम असतात."

"दुय्यम म्हंजे?"

"म्हणजे... त्यांचं पुढं काय झालं हे सांगायची जरूर नसते."

सदानं तो शब्द मनातल्या मनात घोळवला. मग बाकीच्या दोघांकडे वळून म्हणाला, "ऐकलात काय रं? आपन दुय्यम. आपलं काय झालं ते सांगायची बी जरूर न्हाय."

या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही मचव्यावर चढले नाहीत. काळूराम नाखवा गुणाजीच्या दारात आला. तो भला माणूस होता, पण त्याचा मचवा वाळूवर उभा होता. "गुणा, पोरं न्हाय म्हनतात. जरा दिस आराम कर. सुकानू सदा धरंल."

गुणाजीच्या आयुष्यात त्याला स्वतःला हवी अशी एकच गोष्ट होती, सुकाणू, आणि ती मास्तरांना सांगायची त्याला त्या दिवशी आठवण झाली नव्हती. ती आता नाखव्याच्या तोंडून ऐकल्यावर आठवली. "नाखवा," तो म्हणाला, "ते सगळं खोटं हाय. मास्तर उठाय लागलं. घरात द्यायला काय नव्हतं. म्हनून दिलं."

"भ्यालेला मानूस असाच बोलतो," काळूराम हळूच म्हणाला.

पण सोळासतरा वर्षं सुकाणू धरलेला तांडेल. एक संधी द्यायची ठरली. सांजच्या वेळी, तांबड्या पाण्यातून, गुणाजीनं मचवा आत आणायचा. सदा शेजारी उभा राहील. तळ खरवडला नाही तर सुकाणू त्याचंच.

तळ खरवडला नाही. किनाऱ्यावर जमलेल्यांनी पाहिलं, मचवा लोण्यातून सुरी फिरावी तसा आत आला. गुणाजी उतरला तेव्हा त्याचा सदरा पिळून घाम काढता आला असता. काळूराम पुढं झाला. एवढ्यात सदानं विचारलं, आणि थट्टेनं नव्हे, "दाजी, खरं सांग. हात लागला काय?"

नाही म्हणायचं होतं. सगळा वाडा नाही ऐकायला उभा होता. पण एकदा खोटं बोलून काय होतं ते गुणाजीनं पाहिलं होतं.

"लागला," तो म्हणाला.

त्या एका शब्दानं सुकाणू गेलं. आणि तेवढंच गेलं असतं तरी भागलं असतं. पण मचवा नीट आत आला होता, म्हणजे तांडेल चुकला नव्हता, म्हणजे हात खरा होता. हा हिशेब सदानं मनातल्या मनात केला, आणि सदाचं पाहून इतरांनी. नव्या तांडेलानं सांजचं पाणी टाळायला सुरुवात केली. उशीर झाला की तो मचवा खाडीच्या बाहेरच नांगरायचा, कंदील टांगायचा आणि उजाडल्यावर आत यायचा. बाहेर तसं वाईट नसतं, वारा पडलेला असेल तर. गुणाजी दिवसभर वाळूत बसून जाळी शिवायचा आणि दिवस कलला की बाहेर कंदील लागतोय का ते बघायचा. मास्तर येताना दिसले की लोक आत जायचे. मास्तरांना वाटायचं, कोळी लोक लाजाळू.

थंडीच्या तोंडाशी एक दिवस अवेळी वारा फिरला. दुपारपर्यंत दक्षिणेकडं आभाळ काळं झालं आणि समुद्र ओरडायला लागला. बाकीच्या होड्या आत आल्या. सदाचा मचवा उशिरानं दिसला, खाडीच्या तोंडाशी आला, आणि तिथं थबकला. सूर्य टेकला होता. आभाळाच्या फटीतून उजेड आला आणि पाणी तांबडं झालं. मचवा वळला. बाहेर कंदील लागला.

"नांगर टाकला त्यानं," काळूराम ओरडला. "ह्या वाऱ्यात! गुणा, लहान होडी काढ. तू जा. तू गेलास तर तो ऐकंल. आन त्यांना आत."

सगळ्या वाड्यानं गुणाजीकडं पाहिलं. नीराबाईनंही पाहिलं. बाहेर तिचा भाऊ होता, इथं नवरा. गुणाजीनं होडी पाण्यात लोटली. वाळू यंदा कुठं आहे, वाट कुठून आहे, हे त्याला घरच्या अंगणासारखं दिसत होतं. तो घोट्याइतक्या पाण्यात गेला, गुडघ्याइतक्या गेला, आणि उभा राहिला.

"चढ की!" काळूराम म्हणाला.

"नाखवा," गुणाजी म्हणाला, "पाय धरलाय."

नीराबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली. वाकून तिनं दोन्ही हातांनी त्याच्या पायांभोवती चाचपलं. वाळू होती आणि पाणी होतं. "काय न्हाय," ती ओरडली, "बघा, काय न्हाय हितं!"

"ठाऊक हाय मना," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय हलत नव्हता.

वाड्यातल्या दोघांनी होडी घेऊन निघायचा प्रयत्न केला. अंधारात वाट त्यांना सापडेना. लाटेनं त्यांना परत वाळूवर आणून टाकलं. कंदील वर जात होता, खाली जात होता. मग तो दिसेनासा झाला.

सकाळी कोर्लईच्या बाजूनं मचव्यावरचे दोघं चालत आले, अंगभर खरचटलेले. सदा त्यांच्यात नव्हता. नीराबाई वाटेवर उभी होती. त्यांच्यातला एकजण तिच्यापाशी थांबला.

"नांगर तुटला," तो म्हणाला. "आमाला बोलला, उड्या टाका. आमी टाकल्या. त्यानं सुकानू सोडलं न्हाय."